लेबलावरची नखाची कोर

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचायचीच असती तर रात्र घातली असती, अमावस्या घातली असती, एखादा पिंपळ घातला असता. यात त्यातलं काहीच नाही. जे झालं ते भर दुपारी झालं. यंदाच्या होळीच्या सुमारास, शिरूर तालुक्यातल्या न्हावऱ्यात, माझ्या मावसबहिणीच्या घरात.

तिचं नाव तेजश्री. ती उगाच रडणाऱ्यातली बाई नाही. पण हे सांगताना ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. म्हणून मी लिहितेय. पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या.

जावाजावा उभा दावा, असं आपल्याकडं म्हणतात. तेजश्री आणि तिची थोरली जाऊ अनुपमा यांचं बरोब्बर उलटं होतं. दोघींचं इतकं जमायचं की सासरे, सर्जेराव आबा, चिडवायचे, "ह्या दोघींनीच एकमेकींशी लगीन केलंय, माझी पोरं नुसती वऱ्हाडी हायत!"

दोघी मिळून काळा मसाला करायच्या. मोबाइलवर ऑर्डरी घ्यायच्या, कुरियरनं पाठवायच्या. मोबाइल तेजश्रीचा. कढई अनुपमाची.

कढई अनुपमाचीच का, हे घरात दोघींखेरीज कुणालाच माहीत नव्हतं.

कोरोनात तेजश्रीचा वास गेला होता. सगळ्यांचा परत आला, तिचा आलाच नाही. धणे भाजले की करपले, तिला कळायचं नाही. नाक नसलेल्या बाईचा मसाला कोण घेणार? म्हणून तिनं नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही. फक्त अनुपमाला सांगितलं. अनुपमा म्हणाली, "येडी का खुळी तू? माझं हाय की नाक. दोघीत एक पुरं."

भाजताना अनुपमा कढईवर वाकायची आणि लांब वास घ्यायची. सूंऽऽऽ... शेजारच्या खोलीत ऐकू जायचं. जमलं असलं की पाकिटाच्या लेबलाच्या कोपऱ्यावर अंगठ्याचं नख दाबायची. ही सवय उन्हाळी कामाची. गल्लीतल्या बाया पापड-कुरडया एकाच गच्चीवर वाळत घालतात, मग कुणाचा पापड कुठला हे कळावं म्हणून प्रत्येकीची खूण असते. अनुपमाची खूण नखाची. तिचा अंगठा कधीतरी खलबत्त्यात सापडलेला, नख मधोमध चिरलेलं. त्यामुळं कोर उमटायची ती मध्ये तुटलेली.

तिच्या नखाशिवाय पाकीट घराबाहेर जात नव्हतं.

आणखी एक सांगते, ते ध्यानात ठेवा. अनुपमाला गुळाचा वास सोसायचा नाही. ती दौंड तालुक्यातल्या राहूची, गुऱ्हाळाच्या गावची. तिचे वडील बन्सी, गुऱ्हाळावर उसाच्या रसाच्या उकळत्या काहिलीत पडून गेले. ही लहान पोर तेव्हा त्यांची भाकरी घेऊन गेली होती. तिच्या डोळ्यांदेखत झालं. तेव्हापासून गुळाचा वास आला की ती पदर नाकाला लावायची आणि तिथून उठून जायची. होळीला अख्खं घर पुरणपोळी खायचं, ती कोरडी चपाती घेऊन मागच्या दारात बसायची. तेजश्रीला मात्र पुरणपोळी जीव की प्राण. अनुपमाच्या वाटची पोळीपण तीच हाणायची.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर अनुपमा गेली. डेंग्यूचं निमित्त झालं. दवाखान्यात तेजश्री तिच्या उशाशी होती. अनुपमानं तिचा हात धरला, म्हणाली, "तेजा, माझं नख लागल्याबिगर मसाला पाठवू नको गं. लोकं नावं ठेवतील तुला."

"न्हाई पाठवणार ताई. तुम्ही या घरी. तुम्हीच लावा."

"शब्द दे."

तेजश्रीनं शब्द दिला. मरणाऱ्या माणसाला आपण काय वाटेल ते शब्द देतो, नाही का?

घर ओस पडलं. अनुपमाचा नवरा, थोरला पृथ्वीराज, कामावरून आला की भिंतीकडं तोंड करून निजायचा. मसाला बंद. कढई उपडी. तेजश्री दिवसदिवस बोलायची नाही. शेवटी संक्रांत झाल्यावर तिचा नवरा दत्ता म्हणाला, "वहिनीनं उभं केलेलं तू असं मातीत घालणार व्हय? चालू कर. मी तुला लेबलाचं मशीन घेतो."

पूर्वी लेबलं दोघी हातानं लिहायच्या. तेलकट हात लागून पत्ता फिसकटायचा, पार्सल भलतीकडंच जायचं. म्हणून दोघं नवराबायको मोबाइलवर मशीन शोधत बसले. हातात मावणारं छोटं होतं, पण त्यातून नुसती किमतीची चिठ्ठी निघायची, कुरियरचा पत्ता मावत नव्हता. शाईचं घ्यावं तर शाई फिसकटणारच. मग ठरलं थर्मल. त्याला शाईच लागत नाही. कागदच तसला असतो, मशीन आतून गरम होतं आणि जिथं ऊब लागेल तिथं कागद काळा पडतो.

आबा म्हणाले, "बिनशाईचं छापतंय? मग काय फुंकर मारून छापतंय का?"

कित्येक महिन्यांनी तेजश्री हसली.

तेजश्रीनं अंदाजानं पहिला घाणा भाजला. अनुपमाच्या शिलाई मशीनच्या टेबलावर तो प्रिंटर ठेवला. आबांनी त्या कोपऱ्याला नाव दिलं, सूनबाईचं हापिस. दत्तानं रोल भरला, मोबाइल जोडला, बटन दाबलं.

कर्रर्र...

लेबल बाहेर आलं. कोरं.

पुन्हा दाबलं. पुन्हा कोरं.

"आरं, रोल उलटा बसलाय," दत्ता म्हणाला. छापायची बाजू खाली गेली होती. त्यानं रोल काढून सुलटा घातला आणि पहिल्या ऑर्डरीचा पत्ता सोडला. या बारीला पत्ता झकास उमटला.

आणि कोपऱ्यात... एक काळी कोर.

"रोल भरताना माझं नख लागलं असंल," दत्ता म्हणाला. त्यानं एका लेबलावर नख ओढून दाखवलं. काळी रेघ उठली. "बघ, कागदच असला हाय."

तेजश्रीनं लेबल डोळ्यांजवळ धरलं. ती कोर मधोमध तुटलेली होती.

तिनं डब्यातून अनुपमाच्या हातचं एक जुनं पाकीट काढलं आणि दोन्ही खुणा एकमेकींवर धरल्या.

तंतोतंत.

पुढच्या लेबलावर तीच कोर. त्याच्या पुढच्यावर तीच. त्या घाण्याच्या प्रत्येक लेबलावर.

मी विचारलं, "तू भ्याली नाहीस?" तर म्हणाली, "भ्याले. पण त्यापेक्षा रडू जास्त आलं."

पुढचा घाणाही तिनं अंदाजानंच भाजला. लेबलं काढली. सगळी स्वच्छ... एकावरही कोर नाही. ताई गेल्या वाटतं, असं मनाशी म्हणत ती पाकिटं भरायला बसली.

तेवढ्यात आबा खोकत आत आले.

"खोबरं करपवलंस की गं पोरी. घरभर वास सुटलाय. तुला येत न्हाई व्हय?"

तेजश्रीच्या हातातलं पाकीट खाली पडलं. करपलेलं तिला कळलं नव्हतं, पण जिनं कोर लावली नव्हती तिला कळलं होतं. आबांनी तिच्याकडं पाहिलं आणि समजायचं ते समजले. घाणा उकिरड्यावर टाकून आले.

नवा घाणा नीट झाला. कोर परत आली.

मग मात्र तिला सवय झाली. भीती जाऊन आधार वाटायला लागला. कोर असली की पाठवायचं, नसली की टाकायचं. धंदा पूर्वीसारखा चालायला लागला. तिला वाटायचं, ताई आहेत. दोघीत एक नाक पुरतंय.

एकदा दुपारी ती एकटीच दगडफूल भाजत होती. लाईट गेलेली. पंखा बंद, फ्रिज बंद, बाहेर कोंबडीसुद्धा ओरडत नव्हती.

आणि अगदी खांद्यापाशी...

सूंऽऽऽ...

लांब वास घेतल्याचा आवाज. ती जागच्या जागी थिजली.

पुन्हा... सूंऽऽऽ...

श्वास आत घेतल्याचा आवाज येत होता. सोडल्याचा येत नव्हता.

नुसता आत... आत... आणखी आत...

मग पुढच्या खोलीत प्रिंटर वाजला. कर्रर्र...

लाईट नव्हती, सांगितलं ना. मोबाइल तिच्या कमरेला होता. ती धावत गेली. प्रिंटरच्या तोंडातून एक लेबल लोंबत होतं. त्यावर पत्ता नव्हता, नाव नव्हतं. नुसती तुटकी कोर. ती पण धड नाही, ओढत नेल्यासारखी. दमल्या हातानं दाबावी तशी.

होळीच्या आदल्या दिवशी ती दत्ताच्या गाडीवर राहूला गेली. अनुपमाच्या आईला, तानुबाईला, दर सणाला मसाला पोचवायचा नेम अनुपमाचा होता, तो तिनं पुन्हा चालू केला. दत्ता बाहेर थांबला. म्हातारीनं पाकीट हातात घेतलं, कोपऱ्यावर बोट फिरवलं आणि एकदम पाकीट खाली ठेवलं.

"ही खूण कुणी केली?"

तेजश्रीनं मान खाली घातली.

"सांग पोरी. ती माझ्या सपनात येती. चुलीम्होरं बसलेली आसती. कढईत कायबी नसतं, आन् ही आपली हुंगती. नुसता श्वास आत घेती... छाती फुगती... सोडताच येत न्हाई तिला. मी म्हंती, आगं सोड, सोड की! तर म्हंती, आई, तेजा जा म्हणत न्हाई तवर कशी सोडू? शब्द घेतलाय."

तेजश्रीला तिथंच हुंदका फुटला.

"मी एकटी पडंन ओ आक्का. मला वास येत न्हाई. ताई गेल्या तर मी काय करू?"

तानुबाईनं तिचे डोळे पुसले. पण बोलली ती रोखठोकच. "तुझं पोट चालंल कसंबी. माझ्या लेकीचा जीव गुदमरतोय."

दुसऱ्या दिवशी होळी. माजघरात दत्ता आणि आबा पुरण वाटत होते, आबांना सणाला काम करायची भारी हौस. तेजश्रीनं मसाल्याची कढई चढवली. पुरणाच्या दिवशी मसाला? दत्तानं विचारलंसुद्धा. ती म्हणाली, "आजच करायचाय."

धणे लाल झाले असावेत असं वाटलं तेव्हा तिनं गॅस बंद केला. हापिसात आली. प्रिंटरमधून एक कोरं लेबल काढलं. खांद्यापाशी चालूच होतं...

सूंऽऽऽ...

तिनं आपल्या अंगठ्याचं नख लेबलावर दाबलं. कोर उमटली. अख्खी, न तुटलेली.

"ताई," ती म्हणाली, "आता माझं नख लागंल. चुकलं तर माझं चुकंल. मी तुम्हाला दिलेला शब्द मीच मोडते. तुम्ही जा. लई केलंत माझ्यासाठी. सोडा आता... जा."

आवाज थांबला.

घर एकदम गप्प झालं.

आणि मग... तिच्या मानेवर... हाऽऽऽऽ...

लांब, उबदार श्वास. इतके दिवस धरून ठेवलेला सगळा. टेबलावरची कोरी लेबलं त्या उबेनं कडेनं काळी पडत गेली. श्वास संपतच नव्हता. तेजश्री हमसून रडायला लागली, आणि रडताना माणूस ओढतो तसा तिनं नाकानं जोरात श्वास ओढला.

तिला वास आला.

धण्यांचा. खोबऱ्याचा. दगडफुलाचा. इतक्या वर्षांनी! धणे अगदी हवे तसे भाजले होते. ती "अहो! अहो!" करत माजघरात धावली. दत्ताला काही कळेना. तिनं आबांसमोर सगळं सांगून टाकलं, गेलेला वास, आलेला वास. आबा म्हणाले, "थोरलीनं जाता जाता दिलं बघ," आणि धोतराच्या सोग्यानं डोळे टिपले. सगळेच रडत होते आणि हसतही होते.

मग दत्तानं नैवेद्य काढून तिच्यापुढं ताट ठेवलं. गरम पुरणपोळी, वर तूप. "घे. तुझी आवडती. वास घे आता मनसोक्त."

तेजश्री ताटावर वाकली.

गूळ...

डोळ्यांपुढं वाफ आली. काहील, ऊन रस, पायाशी पडलेली भाकरी... जे तिनं आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. तिनं झटकन पदर नाकाला लावला आणि उठून मागच्या दारात जाऊन बसली.

आबांच्या हातातला घास तसाच राहिला. या घरात असं उठून जाणारी एकच बाई होती.

म्हातारा दारापाशी आला. अगदी हळू म्हणाला,

"अनुपमा?"

आणि तेजश्रीच्या तोंडून निघून गेलं,

"ओ, आबा."

मी परवा न्हावऱ्याला जाऊन आले. तेजश्री बरी आहे. मसाला उत्तम होतो, मीही आणलाय. लेबलावर कोर तिचीच आहे, अख्खी. तानुबाईच्या स्वप्नात आता कुणी येत नाही. सगळं चांगलंच झालं म्हणायचं.

फक्त निघताना तिनं मला दारात एक विचारलं, त्यानं माझी झोप उडालीय.

"ताईंनी श्वास सोडला, तो मी ऐकला गं. पण त्याच वेळी मी माझा आत ओढला ना... मग त्या मोकळ्या झाल्या का?"

ती अजून पदर नाकाशी धरूनच उभी होती. कुठंतरी लांब गुऱ्हाळ चालू असेल. मला तर कसलाच वास येत नव्हता.