पुसायची राहिलेली पावलं

माझ्या गोष्टींसाठी आमच्या बायकोने एक नियम करून ठेवला आहे. ऐकायचं सगळं, धरायचं निम्मं. वाघाने माझ्याकडे काडेपेटी मागितल्याची गोष्ट तुम्ही ऐकली असेलच; तिच्यातली काडेपेटी खरी आहे. पण आजच्या गोष्टीला तो नियम लावता येत नाही, कारण निम्मी गोष्ट बायकोने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे. तेव्हा सरकून बसा. आणि ते दार तेवढं लोटून घ्या.

मी गवंडी. त्यातही कोब्याचा गवंडी, म्हणजे सिमेंटची जमीन करणारा. या कामाची सगळी गोम एकाच गोष्टीत आहे: खोलीच्या आतल्या कोपऱ्यात सुरुवात करायची आणि थापीने घोटत घोटत, मागे मागे सरकत दाराबाहेर पडायचं. शेवटचा हात उंबऱ्याबाहेरून मारायचा. मागे आरशासारखी जमीन. माझ्यासारखा हात आसपास कुणाचा नाही, हे मी नाही म्हणत, ठेकेदार म्हणतो. आणि तो तर माझा हाडवैरी आहे.

एका सोमवारी वस्तीच्या टोकाला असलेल्या गोदामाचा कोबा केला. दुपारी काम संपलं, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. मंगळवारी सकाळी ठेकेदाराने दार उघडलं आणि ओरडलाच.

"हे काय? कोण नाचलं इथे?"

खोलीच्या अगदी मधोमध एक पाऊल. एकच. डाव्या बुटाचं. त्याच्या मागे काही नाही, पुढे काही नाही. जणू कुणी छतातून एक पाय खाली सोडला आणि परत वर घेतला.

"मांजर असेल," मी म्हणालो.

"बूट घालून?"

मी उकिडवा बसलो आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. टाचेच्या जागी टायरच्या पट्टीचा ठसा होता. पट्टीवर दोन खिळ्यांची डोकी, त्यातला एक वाकडा. आणि चवडा बाहेरच्या बाजूला पार वळलेला, बदकासारखा.

तो वाकडा खिळा मी स्वतः ठोकला होता. पंचवीस वर्षांपूर्वी. जंगलात.

आता जरा जंगलात चला. मी तेव्हा फौजेत होतो. आमची बारा जणांची तुकडी होती आणि ते जंगल असं होतं की भर दुपारी बंदुकीचा घोडा चाचपून शोधावा लागायचा. वरून पाणी ठिबकायचं, पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी. कुजलेल्या पानांचा वास इतका दाट की तो जेवणात उतरायचा. आम्ही एकामागे एक चालायचो आणि रांगेत सगळ्यात शेवटी मी. माझ्या एका हातात बंदूक, दुसऱ्यात झाडाची फांदी. मी उलटा चालत तुकडीची पावलं पुसायचो. दबलेलं गवत उभं करायचं, उलटी पानं सुलटी करायची, चिखल सारखा करायचा. आम्ही गेलो त्या वाटेने कुणी गेलंच नाही, असं दिसलं पाहिजे.

माझ्या पुढे चालायचा तो बदक. नाव वेगळं होतं, पण साहेबांपासून आचाऱ्यापर्यंत सगळे त्याला बदकच म्हणायचे. चालणं फेंगडं, दोन्ही चवडे दोन दिशांना. त्याच्या डाव्या बुटाची टाच पहिल्याच महिन्यात निघाली, तेव्हा मी टायरची पट्टी ठोकून दिली.

"लेका, अकरा जणांना एक फांदी लागते आणि तुला एकट्याला दुसरी," मी म्हणायचो.

यावर तो मुद्दाम पाय आपटायचा. "पुसू नकोस रे! याच वाटेने मला परत जायचंय. ताईने नवा सदरा शिवून ठेवलाय."

आई-बाप लहानपणीच गेलेले. त्याला आमच्याच वस्तीत राहणाऱ्या मोठ्या बहिणीने वाढवला होता, शिलाईच्या मशीनवर. गंमत म्हणून तो बदकासारखा आवाजही काढायचा. दोन तोकडे, एक लांब. रांगेत कुणी मागे पडलं की तीच आमची खूण झाली.

मग ती दुपार आली. ओढ्यापाशी गोळीबार झाला, तुकडी पांगली. पलीकडच्या चढावर परत गोळा झालो तेव्हा अकरा. बदक नाही. साहेब म्हणाले, "थांबता येणार नाही. निघा. आणि तू, वाट साफ ठेव."

मी पुसायला लागलो. हात चालू होते आणि तेवढ्यात खालून, ओढ्याच्या बाजूने, अगदी बारीक आवाज आला. दोन तोकडे... एक लांब.

मी थांबलो का? नाही. मी एक पाऊल तरी शिल्लक ठेवलं का, त्याला दिशा कळावी म्हणून? तेही नाही. इतकं साफ काम मी आयुष्यात दुसऱ्यांदा केलेलं नाही.   आठवड्याने शोधायला गेलेल्यांना ना बदक सापडला, ना बूट.

घरी आलो तेव्हा त्याच्या ताईंना सांगितलं, "पाऊस झाला हो. वाट वाहून गेली." त्यांनी मान हलवली. तेव्हापासून मी त्यांच्या घरावरून जाताना मान खाली घालून जातो. तर असं ते पाऊल.

गोदामातला ठसा वरवर बुजवला. गुरुवारी शाळेचा व्हरांडा केला. शुक्रवारी सकाळी तिथे उजवं पाऊल! पुढच्या सोमवारी औषधाच्या दुकानाची मागची खोली केली. किल्ली माझ्याकडे, खिडकीला गज. मंगळवारी बायकोला ओढतच नेलं. दार उघडलं. डावं पाऊल, टायरची पट्टी, वाकडा खिळा.

बायकोने वाकून ठशाच्या टोकापासून समोरच्या भिंतीपर्यंत नजर नेली. मग म्हणाली, "अहो, हा चाललाय कुठे?"

बघा, पंचवीस वर्षं संसार केला त्या बाईने, उगाच नाही. माझ्या डोक्यात आलंच नव्हतं! गोदाम, शाळा, औषधाचं दुकान. खडूने जमिनीवर खुणा केल्या आणि सरळ रेघ ओढली. रेघ पुढे न्हाव्याच्या दुकानातून, छापखान्यातून गेली आणि थेट ताईंच्या पुढच्या खोलीत घुसली.

बदक घरी येत होता! आणि जिथे मी पुसून ठेवत होतो, तिथेच त्याला पाऊल टाकता येत होतं. ज्या हाताने वाट बंद केली, त्याच हाताने ती उघडत होती. मी रस्त्यात उडी मारली. या वयात. बायकोने माझा कोपर धरला आणि हळूच म्हणाली, "ताई रविवारी जाताहेत. मुलीकडे, कायमच्या. किल्ल्या द्यायच्या ठरल्यात."

आज मंगळवार. मधे न्हावी आणि छापखाना. मी धावलो.

"तुझी जमीन खराब झालीय," न्हाव्याला म्हणालो.

"दोन वर्षांपूर्वी तूच केलीस."

"म्हणूनच लाज वाटतेय. फुकट करून देतो."

तो माझ्याकडे संशयाने बघत राहिला, पण फुकट या शब्दापुढे त्याचा वस्तरा बोथट झाला. बुधवारी कोबा, गुरुवारी सकाळी उजवं पाऊल! मी न्हाव्याच्या गालाचा मुका घेतला. छापखान्याच्या मालकाला थाप मारली की जमीन समतल नसली तर अक्षरं तिरकी छापली जातात. त्याने माझ्यादेखत एक कागद उजेडात धरला आणि म्हणाला, "तरीच!" गुरुवारी कोबा, शुक्रवारी डावं पाऊल. सगळं गाव म्हणत होतं, याच्या डोक्यावर परिणाम झालाय. ठेकेदाराने मला कामावरून काढलं. मला ते दुसऱ्या दिवशी कळलं, इतका मी गडबडीत होतो.

शनिवारी सकाळी सिमेंटची गोणी पाठीवर घेऊन ताईंच्या दारात उभा राहिलो. आत सामान बांधून झालेलं. पुढच्या खोलीत फक्त शिलाईचं मशीन आणि एक खुर्ची.

"अरे वेड्या," ताई म्हणाल्या, "उद्या मी घर सोडतेय आणि आज तू जमीन करणार?"

तेव्हा मला सांगावं लागलं. गोणी खाली ठेवून, तिच्यावरच बसून, सगळं. फांदी, ओढा, तो आवाज. ताई उभ्याच होत्या.

"किती लांब होता?"

"दीडशे पावलं असेल."

"मला पाऊस म्हणाला होतास."

"पाऊस होता ताई. पण पुसलं मी."

त्यांनी हात उचलला. मला वाटलं, आता बसली. बसायलाच हवी होती. पण तो हात माझ्या डोक्यावर आला आणि तिथेच जड होऊन राहिला. तो काढून घेत त्या म्हणाल्या, "मग बसलायस काय? घे थापी."

असा कोबा मी पुन्हा करणार नाही. मशीन आणि खुर्ची विटांवर ठेवली, खिडक्या लावल्या, मागचं दार आतून अडकवलं. घोटत घोटत मागे आलो, उंबऱ्याबाहेरून शेवटचा हात मारला आणि दार ओढून घेतलं. मग ताई, बायको आणि मी, तिघं पायरीवर बसलो. दुपारचे दोन. रस्त्यावर ऊन, समोर एक सायकल उभी. घाबरावं असं त्यात काही नव्हतं.

आधी वास आला. दाराच्या फटीतून, थंड. कुजलेली पानं... ओला पट्टा... बंदुकीचं तेल.

बायकोने माझी बाही धरली. "अहो..."

"शू."

आतून, अगदी बारीक... दोन तोकडे... एक लांब.

ताई उठल्या आणि त्यांनी दार उघडलं.

मागच्या भिंतीपासून पावलं निघाली होती. उजवं, डावं, उजवं, डावं, दोन दिशांना फाकलेले चवडे, टायरची टाच. मशीनपाशी येऊन दोन्ही पावलं शेजारी शेजारी थांबली होती. खुर्चीकडे तोंड करून. सदऱ्याचं माप द्यायला उभा राहावा तसा.

"अजून तसाच फेंगडा," ताई म्हणाल्या. आणि हसल्या, आणि रडल्या, आणि मला म्हणाल्या, "हे बुजवशील तर याद राख!"

मी रस्त्यात नाचलो. समोरच्या सायकलवाल्याला मिठी मारली. ताईंनी मुलीला निरोप धाडला, येत नाही म्हणून. त्या संध्याकाळी मला पंचवीस वर्षांत पहिल्यांदा जेवणात पानांचा वास आला नाही.

इथे गोष्ट संपवली असती तर बरं झालं असतं, नाही का? बायको अजून तेच म्हणते.

महिन्याभराने गोदामवाला घरी आला. "पुन्हा कोण नाचलं रे?" मी हसत हसत गेलो. महिन्याचा मुरलेला कोबा, पहार मारली तर ठिणगी उडेल असा. त्याच्यात एक पाऊल, चिखलात रुतावं तसं रुतलेलं. बुटाचं नाही. अनवाणी. बोटं लांब, अंगठा बाजूला फाकलेला.

आणि माझं हसू तिथेच विझलं, कारण आनंदाच्या भरात मी एक गोष्ट विसरलो होतो. पावलं आम्ही का पुसायचो, ती.

जंगलात पहिल्याच आठवड्यात आम्ही ओढ्याकाठी नऊ जणांना मारलं होतं. पाणी प्यायला वाकलेले असताना. नऊच्या नऊ अनवाणी होते. मी मोजले होते, पायच मोजले, कारण चेहऱ्यांकडे बघवत नव्हतं. आणि दुसऱ्या सकाळी आमच्या बुटांच्या ठशांमध्ये अनवाणी पावलं उमटलेली होती. प्रत्येक ठशाच्या बरोबर आत. त्या दिवशी साहेबांनी माझ्या हातात फांदी दिली. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही कुणी विचारलंही नाही. पुसलं की ती थांबायची. कुठे चुकून राहिलं, की तिथून पुढे परत सुरू.

आणि मी अख्ख्या वस्तीतून एक वाट उघडी टाकली होती. सिमेंटमध्ये. जे फांदीने पुसता येत नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा. तिसऱ्या दिवशी औषधाचं दुकान, तिथे दोन. एक मोठं, एक लहान. न्हाव्याने दुकानावर टाळं लावलं. मी छापखान्यातला ठसा छिन्नीने फोडला, नवा कोबा भरला, घोटला. सकाळी नव्या कोब्यावर पाच.

काल धावत ताईंकडे गेलो. "ताई, आत्ताच्या आत्ता निघा. मुलीकडे चला, माझ्याकडे चला, कुठेही."

"एवढा चालत आलाय तो, आणि मी निघून जाऊ?"

"ताई, त्याच्या मागून..."

"ठाऊक आहे मला," त्या शांतपणे म्हणाल्या. मशीनवर एक सदरा होता, बाही लावायची राहिलेली. "सकाळी झाडताना पाहिलं. तूही बघ."

मी जमिनीकडे पाहिलं. महिन्याभराचा वाळलेला कोबा, कुठे तडा नाही, कुठे जोड नाही. मागच्या भिंतीपासून आलेली पावलं होती तशीच. फक्त शेवटची दोन, जी खुर्चीकडे तोंड करून होती, ती आता दाराकडे वळलेली होती. टाचा रोवलेल्या, नेहमीपेक्षा बोटभर खोल. पहाऱ्याला बदक असाच उभा राहायचा.

आणि त्या दोन पावलांच्या मागे, जिथे ताईंची खुर्ची होती, तिथे जमीन नुकतीच कुणी फांदीने साफ केल्यासारखी दिसत होती.