उघड्या टपाची हेरल्ड

“ती कडी आधी मी बघितलीय.”

हे धडधडीत खोटं होतं. साकीनाक्याच्या त्या भंगारगल्लीत ऋता सबनीस जेमतेम दोन मिनिटांपूर्वी शिरली होती, आणि जुन्या हेरल्ड गाडीच्या बॉनेटची ती कडी त्या उंच, सावळ्या मुलाच्या हातात त्याही आधीपासून होती. पण गेले तीन महिने दुकानादुकानांतून ‘नाही’ ऐकून ऋताचं डोकं इतकं तापलं होतं, की खरंखोटं करत बसायला तिला सवड नव्हती.

त्याने मान वर केली. “बघितली असेल. उचलली मी.”

“तुम्हाला कशाला हवीय? हेरल्ड आहे तुमच्याकडे?”

“नाही.”

“मग?”

“आवडली,” तो म्हणाला. आणि हे म्हणताना त्याने कडीकडे नाही, सरळ तिच्याकडे बघितलं.

ऋताचे कान तापले.

“माझा लेथ आहे, घाटकोपरला,” तोच पुढे म्हणाला. “जुन्या गाड्यांचे पार्ट बनवतो. मिळत नाहीत ना आता. एक नमुना हातात आला की पाहिजे तेवढे करता येतात.”

“मला एकच हवीय. डाव्या बाजूची.”

“ही उजवीकडची आहे, मॅडम.”

ऋताने कडी हातात घेऊन उलटसुलट केली. उजवीकडचीच होती. ज्या कडीसाठी ती भर गल्लीत भांडायला उभी राहिली, ती तिच्या काडीच्या उपयोगाची नव्हती. तो हसला नाही, हे मात्र तिने मनात नोंदवून ठेवलं.

“हिच्यावरून डावी करून देतो,” तो म्हणाला. “पण गाडी बघावी लागेल.”

“बघा की. मुलुंडला आहे. पण नुसती बघायची, हसायचं नाही.”

त्याचं नाव प्रबुद्ध वाघमारे.

गाडी होती ऋताच्या मीराआत्याची. सदुसष्ट सालची, कापडी टपाची, लालभडक. आत्या बँकेत लागली आणि पाच-सहा वर्षांत तिने ही गाडी जुनी म्हणून विकत घेतली. लग्न केलं नाही, गाडी मात्र वीसेक वर्षं चालवली, तीही टप खाली पाडून, केस उडवत. मुलुंडभर चर्चा झाली. आत्याने ती कधी कानावर घेतली नाही. मग पार्ट मिळेनासे झाले आणि गाडी शुभंकर सोसायटीच्या मागच्या भिंतीला ताडपत्रीखाली जाऊन बसली, ती बसलीच.

आता सोसायटी पाडून तिथे टॉवर उभा राहणार होता. ‘नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारनंतर आवारात राहिलेली सर्व बंद वाहने भंगारात जमा केली जातील,’ अशी नोटीस लागली. खाली सेक्रेटरी म्हणून सही होती ऋताच्या वडिलांची, भाऊंची. बहिणीच्या त्या गाडीची भाऊंना आयुष्यभर लाज वाटत आली होती. नोटीस वाचली तशी आत्या खाली गेली. गाडीजवळ जाऊन ताडपत्रीवर हात ठेवून उभी राहिली. ते ऋताने गॅलरीतून पाहिलं, आणि त्याच क्षणी ठरवलं, की ही गाडी गेटमधून जाईल ती स्वतःच्या चाकांवर जाईल. एका आर्किटेक्टकडे नकाशे काढणारी मुलगी ती. तिला तोवर स्टेपनीही बदलता येत नव्हती.

पहिल्या रविवारी प्रबुद्ध आला. भाऊ समोरच उभे होते.

“आडनाव काय म्हणालास?”

“वाघमारे. बौद्ध. असल्फाला राहतो, घाटकोपर,” प्रबुद्धने एका दमात सांगून टाकलं. “अजून काही, काका?”

“नाही नाही. सहज विचारलं.”

“मी पण सहजच सांगितलं.”

ऋताने बॉनेटमागे तोंड लपवलं. हेरल्डचं बॉनेट म्हणजे गाडीचा पुढचा अख्खा भागच, तो तोंडाकडे उलटा उचलला जातो. मागे दोन माणसं सहज दिसेनाशी होतात. त्या रविवारापासून ती दोघं बरीच दिसेनाशी व्हायला लागली.

डावी कडी झाली. दाराची बिजागरी झाली. एक रबरी जोड कुठेच मिळेना, तो प्रबुद्धने खारदांड्याच्या एका बोटवाल्याकडून रबर आणून कापून दिला. कागदपत्रांसाठी आरटीओतले खेटे आत्याने घातले. आणि प्रबुद्ध ऋताला शिकवत गेला. हे कार्बोरेटर, हा पेट्रोल खेचणारा पंप, इथे हाताने दाबायची पट्टी असते. ती ग्रीसने माखायची, त्याला आनंद व्हायचा.

“नाकाला लागलंय.”

“कुठे?”

“राहू दे. चांगलं दिसतंय.”

“तू सगळ्या गिऱ्हाइकांशी असाच बोलतोस?”

“छे. बाकीच्या सगळ्यांना मिशा आहेत.”

सर्वांत अवघड होता टप. जुन्याचा एक गंजका सांगाडा तेवढा उरला होता. प्रबुद्धने सळ्या वाकवल्या, आत्याने कापड निवडलं, ऋताने शिवणीचा नकाशा काढला. सप्टेंबरच्या एका दुपारी टप पहिल्यांदा चढला आणि नेमका पाऊस कोसळला.

“आत बसून बघायला लागेल, गळतंय का,” प्रबुद्ध गंभीरपणे म्हणाला. “टेस्टिंग असतं ते.”

“असं?”

“सगळीकडे असतं.”

टेस्टिंग सुरू झालं. टपावर पाऊस ताशासारखा वाजत होता आणि आत ओल्या कापडाचा, नव्या रेक्झिनचा, त्याच्या शर्टाचा वास होता... एक थेंब त्याच्या खांद्यावर पडला. मग दुसरा.

“गळतंय रे.”

“माझ्याच बाजूला ना? मग चालेल.”

तिने हात वर करून शिवणीवर बोट दाबून धरलं. थेंब थांबला. हात तिथेच राहिला, आणि त्यामुळे ती त्याच्या इतक्या जवळ आली, की त्याच्या पापणीवरचं पाणी तिला दिसलं. तो काहीतरी बोलणार होता. ऋताला ते ऐकायचं होतं, जीव कानांत आणून ऐकायचं होतं —

काचेवर टकटक झाली. छत्रीखाली पहिल्या मजल्यावरच्या नीलमकाकू होत्या. सोसायटीत कोण कुणाबरोबर किती वाजता दिसलं, हे ज्यांना कुणी न विचारता पाठ असतं, त्या.

“कोण गं हा, ऋता?”

“कुणी नाही, काकू,” ऋताच्या तोंडून भसकन निघून गेलं. “मेकॅनिक.”

काकू गेल्या. प्रबुद्धने दार उघडलं आणि भर पावसात अवजारांची पेटी उचलून चालू लागला. “गळतंय ती शिवण दुहेरी मार,” एवढंच म्हणाला.

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. उरलेले पार्ट मात्र कुरिअरने येत राहिले. प्रत्येकावर चिठ्ठी, ‘हा इथे लागेल, इतका आवळ.’ वर नाव नाही, खाली नाव नाही. ऋताने फोन केले, मेसेज केले. उत्तरं यायची ती स्क्रूंबद्दल. ती एकटीच गाडीखाली झोपून पार्ट बसवत राहिली. प्रत्येक पार्ट अचूक बसायचा. तिला रडू यायचं ते त्या अचूकपणाचंच.

“रडून झालं की जाऊन ये,” शेवटी आत्या म्हणाली. “तुझ्या वयाची होते तेव्हा मी पण एकदा असंच ‘कुणी नाही’ म्हणाले होते, भाऊसमोर. मग खरंच कुणी राहिलं नाही. गाडी राहिली.”

ऋता दुसऱ्या दिवशी कामावरून सुटून थेट असल्फाला गेली. चढणीवरच्या गल्लीत ‘धोंडिराम इंजिनिअरिंग वर्क्स’ अशी पाटी होती, प्रबुद्धच्या वडिलांच्या नावाची. आत लेथ घरघरत होता. त्याने तिला पाहिलं, पण मशीन थांबवलं नाही.

“मी चुकले!” ऋता घरघरीवरून ओरडली.

“काय चुकलीस? मेकॅनिकच आहे मी.”

“मी ‘कुणी नाही’ म्हणाले!”

त्याने लेथ बंद केला. एकदम शांत झालं.

“हां. ते ऐकलं मी,” तो म्हणाला. “माझे बाबा चाळीस वर्षं उभे होते या मशीनवर. लोकांच्या बंद गाड्या चालू केल्या त्यांनी. आणि लोकांनी त्यांना हेच ऐकवलं, कुणी नाही. त्यांनी ऐकून घेतलं, यार. मी नाही घेणार. तुझ्याकडून तर नाहीच नाही.” त्याने हातांचं तेल पुसलं, पुसून झालं तरी पुसत राहिला. “टपाखाली मला पण बरं वाटत होतं गं. पण तिथेच राहायचं असेल, तर मला नको.”

ऋताला सांगण्यासारखं पुष्कळ होतं. भीती, भाऊ, काकू, लोक. त्यातलं तिने काहीही सांगितलं नाही. ती सगळी कारणं तिला स्वतःलाच पटेनाशी झाली होती.

“रविवारी ये,” ती म्हणाली. “अकरा वाजता. सोसायटीचं निरोपाचं जेवण आहे, सगळे असतील. त्यांच्यासमोर गाडी गेटबाहेर काढणार आहे मी. मेन गेटने ये. आणि पेटी आणू नकोस.”

“गाडी चालू नाही झाली तर?”

“तर माझी नाही झाली. तू पाहुणा आहेस.”

तो हो म्हणाला नाही. नाही म्हणाला नाही. ऋता रिक्षात बसून परत निघाली.

नोव्हेंबरच्या त्या दुसऱ्या रविवारी आवारात मांडव होता. मसालेभात, जिलबी, ग्रुप फोटो, डोळे पुसणं. अकरा वाजून गेले. सव्वाअकरा झाले. आत्या गॉगल लावून केव्हाचीच मागच्या सीटवर जाऊन बसली होती. भाऊंनी खबरदारी म्हणून गाडी भंगारात न्यायला एक टेम्पो बाहेर आणून उभा केला होता. ऋता गेटकडे बघत नव्हती. म्हणजे तिने तसं ठरवलं होतं.

आणि तो आला. मेन गेटने, पांढऱ्या इस्त्रीच्या शर्टात, दोन्ही हात रिकामे.

“आला बाई तुमचा मेकॅनिक,” नीलमकाकू भात वाढता वाढता म्हणाल्या. “आता गाडी हलेल.”

प्रबुद्ध शांतपणे पुढच्या सीटवर बसला. ऋताने सेल्फ मारला. खर्र... खर्र... गप्प. पुन्हा मारला. पुन्हा गप्प. मांडवात हसू पसरलं. कुणीतरी ओरडलं, “अरे, उतर की, बघ ना काय झालंय!”

“मी जेवायला आलोय,” प्रबुद्ध म्हणाला, आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिला. त्याच्या कपाळावरची शीर मात्र ताठ झाली होती. हातात विद्या असून गप्प बसणं सोपं नसतं. तो तिच्यासाठी बसला होता.

ऋता उतरली. दोन्ही कड्या सोडल्या, बॉनेट उलटं उचललं आणि डोळे मिटून क्षणभर आठवलं. पंधरा दिवसांपूर्वी तिने इंजिन एकदा चालवून पाहिलं होतं, त्यानंतर गाडी उभीच होती. पेट्रोल मागे उतरलं असणार. तिने पंपाखाली हात घातला, ती छोटी पट्टी शोधली आणि दाबत सुटली. वीस वेळा, तीस वेळा. बोट सोललं. बॉनेट बंद केलं, येऊन बसली आणि सेल्फ मारला.

हेरल्ड खोकली, धूर ओकली आणि गरजली. मागून आत्याने अशी काही शिट्टी मारली, की जिलबीवाल्याच्या हातातला झारा पडला.

ऋताने इंजिन चालूच ठेवलं आणि सीटवर उभी राहिली. इतक्या माणसांनी तिच्याकडे एकाच वेळी कधी बघितलं नव्हतं.

“नीलमकाकू, त्या दिवशी मी तुम्हाला खोटं सांगितलं. मेकॅनिक मी आहे, आत्ता बघितलंतच. हा प्रबुद्ध वाघमारे. माझं याच्यावर प्रेम आहे. आम्ही लग्न करणार आहोत.” ती अडखळली. “म्हणजे... मी करणार आहे. त्याला अजून विचारलं नाहीये.”

भाऊ तरातरा आले. “वर चल. घरात बोलू.”

“घरात काय उरलंय, भाऊ? भिंती आहेत नुसत्या. इथेच बोला.”

भाऊंनी मांडवाकडे पाहिलं, मग बहिणीकडे. बहीण गॉगल काढून त्यांच्याकडे रोखून बघत होती. त्यांचा आवाज एकदम उतरला.

“टप तरी चढव. रस्त्याने लोक बघतील गं.”

वडिलांचा एवढा लहान आवाज ऋताने कधी ऐकला नव्हता. तिला त्यांची दया आली. पण दयेपोटी माघार घ्यायची नाही, हे ती आता शिकली होती.

“टप डिकीत आहे, भाऊ. आज तिथेच राहील.”

भाऊ गाडीपुढून बाजूला झाले. आशीर्वाद नव्हता तो, पण वाट होती. ऋताने गिअर टाकला.

एलबीएस रोडवर भांडुपच्या सिग्नलला गाडी थांबली. शेजारी बस होती, खिडक्यांतून माणसं वाकून बघत होती.

“तर,” ऋता समोर बघत म्हणाली, “विचारते आता. लग्न करशील माझ्याशी?”

“ऋता, सिग्नल सुटला.”

“सुटू दे.”

मागे पहिला हॉर्न वाजला. मग दुसरा. मग अख्खा रस्ता.

“अगं, लोक शिव्या देतायत!”

“देऊ देत. मी नाही हलवणार.”

“अरे बाबा, उत्तर दे तिला,” मागून आत्या करवादली. “माझं इंजिन तापेल!”

“हो,” प्रबुद्ध म्हणाला.

“ऐकू नाही आलं.”

तेव्हा मग तो पुढची काच धरून सीटवर उभा राहिला. बसवाल्यांना, रिक्षावाल्यांना, हॉर्न वाजवणाऱ्या सगळ्या भांडुपला ऐकू जाईल असं ओरडला, “हो म्हणालो! करणार! हिच्याशीच करणार!”

बसमधून कुणीतरी टाळ्या पिटल्या.

“बस आता खाली, पडशील,” ऋता म्हणाली, आणि डोळे पुसून तिने गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली.