बाबगोंडांचा प्रतिमेंदू

मिरजेच्या मेंदू-प्रयोगशाळेत डॉ. रेवती गोगटेंनी कपाळावर हात मारून घेतला. समोर बाबगोंडा आरवाडे बसले होते. हळदीच्या सौद्यात बोली पुकारणारा खणखणीत आवाज तो हाच! काल सलूनमध्ये चंपीनंतर त्यांनी हौसेने मान कडाकडा मोडून घेतली. आज मान ठणकत होती आणि डावी पापणी उतरली होती. रस्त्यात दिसेल त्याला डोळा मारल्यासारखं दिसायचं, म्हणून बायकोने, त्रिशलाबाईंनी, त्यांना दंडाला धरूनच आणलं होतं.

"मानेतली रक्तवाहिनी आतून फाटलीय," रेवतीने चित्र दाखवलं. "भिंतीत रक्त साचून ही चंद्रकोर झालीय. इथे गुठळी होऊन वर गेली तर वाचा जाईल. आत्ता भरती व्हा."

"छे हो! दुपारी सौदा आहे. परत एकदा मालिश केली की झालं."

मालिश! रेवतीला घाम फुटला. तिने अभियंता सलीम मुजावरला हाक मारली. "प्रतिमेंदू लाव."

"म्हणजे काय?" त्रिशलाबाईंनी विचारलं.

"यांच्या मेंदूची हुबेहूब नक्कल, मावशी. तिचं घड्याळ सहा तास पुढे पळवायचं. औषध न घेता यांचं जे होणार, ते तिचं आधी होईल," सलीम म्हणाला, आणि रेवतीकडे वळला. "पण मॅडम, स्वभावही जसाच्या तसा उतरतो हं."

पडद्यावर दुसरे बाबगोंडा उमटले. शेजारच्या मेंदूचित्रात डावीकडे, वाचेच्या जागी, पांढरा डाग उजळला.

"कसं वाटतंय?" रेवतीने पडद्याला विचारलं.

"ठणठणीत!"

"बघा!" खुर्चीतले बाबगोंडा खूश. "डाग काचेवरचा असेल. पुसा."

रेवतीला रडू यायचंच बाकी होतं. हट्टी माणसाची नक्कल हट्टीच निघणार, दुसरं काय! "बरं, हळदीची एक बोली पुकारा," ती पडद्याला म्हणाली.

"ठणठणीत," प्रतिमेंदू पुन्हा म्हणाला आणि नजर चुकवून खोकू लागला.

बाबगोंडा ताडकन उठले. चेहरा पांढराफटक पडला होता. "अहो, थापा मारतोय हा! मी ओळखतो ना याला! बोली पुकार म्हटल्यावर मी कधी खोकलोय? तापात पुकारलीय, लेकीच्या लग्नात पुकारलीय! याला त्या एका शब्दापलीकडे बोलता येत नाहीये, लपवतोय लेकाचा. ॲडमिट करा याला!"

"त्याला नाही करता येत," रेवती म्हणाली. "तुम्हाला येतं."

बाबगोंडा पलंगावर चढले. सुई टोचताना त्रिशलाबाईंचा हात घट्ट धरून म्हणाले, "आवाज गेला तर माझं काय राहिलं गं?"

रक्त पातळ करणारं औषध वेळेत लागलं. गुठळी झालीच नाही.

घरी जायच्या दिवशी बाबगोंडा भेटायला आलेल्यांना सांगत होते, अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं. "यंत्र साफ बोगस! म्हणे वाचा जाणार. गेली का?"

सलीमच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मॅडम, ते खरं ठरलं असतं तर हे वाक्य तरी बोलता आलं असतं का यांना?"

रेवतीने त्याची बाही धरली. तिचे डोळे भरून आले होते. "गप रे. ओरडू दे त्यांना. मला ऐकू दे."