दुसरी वायर, तिसरा प्लग

"ती वायर तिथली नाही, बाई. दुसऱ्या प्लगची हाय ते. तुमी तिसऱ्याले लावून राहिल्या."

जमुनाचं काळीज असं धडधडलं, की वर केलेलं बॉनेट डोक्यात आपटता आपटता राहिलं. तिनं वळून पाहिलं. फाटकाशी एक सायकल, हँडलला अडकवलेली खाकी पिशवी, आणि सायकल धरून उभा असलेला एक उंच, सावळा तरुण. ओठांच्या कोपऱ्यात हसू दाबून धरलेलं. मेल्याला यायला हाच मुहूर्त सापडला होता!

"कोण तुमी?" तिनं उसनं अवसान आणून विचारलं.

"मी पंजाब. गॅरेजातून आलो. रामरावजीनं चार नवे प्लग सांगतले होते बसवायले. उद्या अकोल्याले जायचं हाय म्हणे..." तो गाडीपाशी आला, वाकून पाहिलं आणि मान हलवली. "म्हणजे एकाच घरात एकानं गाडी दुरुस्त करायले मले बोलावलं, अन् दुसऱ्यानं बिघडवायले घेतली. बरी गंमत हाय, बापा!"

'ताई' नाही म्हणाला. एवढ्या गडबडीतही ते जमुनाच्या लक्षात आलं, हे मात्र तिनं पुढे बरेच दिवस कोणाला सांगितलं नाही.

आता खरं काय ते सांगून टाकू. जमुना काही चोर नव्हती. ती ऑस्टिन तिच्याच बापाची. रामरावांचा मोर्शीकडे संत्र्यांचा बगीचा, अमरावतीत घर, आणि जीव सगळा या मोटारीत. रोज सकाळी स्वतःच्या दुपट्ट्यानं गाडी पुसल्याशिवाय चहा घ्यायचे नाहीत. उद्या याच गाडीतून जमुनाला अकोल्याला न्यायचं होतं, एका बड्या घरी दाखवायला. तिकडून पोस्टकार्ड आलं होतं: 'पसंत पडल्यास फाल्गुनात कार्य उरकू. मुलीने परीक्षेचा हट्ट सोडावा.' जमुना बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. परीक्षा मार्चात. संक्रांत होऊन आठच दिवस झाले होते, आणि तीन वर्षांचा अभ्यास एका पोस्टकार्डाच्या एका ओळीत बुडायला निघाला होता.

बापाला तोंडावर 'नाही' म्हणायची मात्र तिची छाती नव्हती. रामरावांचा आवाज असा, की बगीच्यात त्यांनी 'कोण हाय बे' म्हटलं, तर शेजारच्या बगीच्यातला माणूस 'मी हाय जी' म्हणायचा.

"कोणाले सांगू नका," जमुना हळूच म्हणाली. "मले अकोल्याले नाही जायचं."

"काहून?"

तिनं बाजूला ठेवलेल्या वहीतून पोस्टकार्ड काढून त्याच्यापुढे धरलं. त्यानं वाचलं. ओठांवरचं हसू गेलं.

"मंग वायरी कायले फिरवता? तोंड नाही का तुमाले?"

"माया बाबाले ओळखत नाही तुमी!"

"नाही ओळखत. पण गाडीले ओळखतो. हे पाहा बाई, मशीनबद्दल मी खोटं बोलत नाही. बारशीटाकळीहून इथं पॉलिटेक्निकात शिकायले आलो, सुटीच्या दिवशी गॅरेजात काम करतो, ते काय धडधाकट गाडीले आजारी म्हणायले? मी गाडी चालू करून देईन. नाही म्हणायचं काम तुमचं."

जमुनाला असा राग आला, असा राग आला... आणि त्या रागात त्याच्या पापण्या फार लांब आहेत हेही दिसलं.

"किती वेळ लागते प्लग बदलायले?" तिनं घुश्शात विचारलं.

"अर्धा घंटा." त्यानं पिशवीतून पाना काढला. "पण कोणी शिकून राहिलं, तं दोन घंटे."

रामराव बाजारात गेले होते. आत पार्बताबाई – जमुनाची आत्या – उद्याच्या प्रवासासाठी दशम्या लाटत होती. जमुनानं पदर खोचला.

"दाखवा."

"एका वेळी एकच प्लग काढायचा. म्हणजे वायरींची गफलत होत नाही... मुद्दाम नाही केली तं."

"पुरे!"

"आधी फुंकर मारा. कचरा आत गेला नाही पायजे."

दोघंही एकदमच वाकले, दोघांनीही एकदमच फुंकर मारली, आणि सगळी धूळ त्याच्या डोळ्यांत गेली. जमुना इतकी हसली, की आतून आत्यानं विचारलं, "काय झालं वं?"

"काई नाही, आत्या! धूळ हाय!"

पाना लावून तिनं पहिला प्लग सोडवला. काजळीनं काळा ठिक्कर पडलेला. पंजाबनं नवा प्लग तिच्या तळहातावर ठेवला आणि टोकाशी असलेली फट दाखवली. "ठिणगी इथं पडते. फट जास्त झाली तं पडत नाही, अन् चिकटून बसलं तरी पडत नाही. थोडं अंतर पायजे."

"किती?"

त्यानं पिशवी चाचपली. "मापायची पट्टी गॅरेजात राहिली वाटते... पोस्टकार्डाची दुहेरी घडी चालते तशी."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. जमुनानं अकोल्याचं पोस्टकार्ड घेतलं आणि टर्रकन मधोमध फाडलं. काय गार वाटलं जिवाला! अर्ध्याची घडी करून तिनं प्लगच्या फटीत सरकवली.

"बराबर बसलं," पंजाब म्हणाला. "आता हातानं फिरवा. हळू. अडलं का थांबा. जोर नाही करायचा, त्याच्या मनानं बसू द्या."

एक झाला, दोन झाले, तीन झाले. मध्येच तिनं संत्रं सोललं. त्याचे हात ग्रीसनं माखलेले, म्हणून तिनं एक फोड सरळ त्याच्या तोंडापुढे धरली... आणि धरल्यावर तिलाच कळलं आपण काय केलं ते. कानाच्या पाळ्या तापल्या. पंजाबनंही फोड मुकाट्यानं खाल्ली, बी गिळली, आणि चौथ्या प्लगवर दुसऱ्याचीच वायर बसवायला निघाला.

"ती तिथली नाही, मिस्त्रीबुवा," जमुना म्हणाली.

तेवढ्यात फाटक वाजलं. रामराव आले.

"झालं का रे पोरा? जाईल ना गाडी उद्या अकोल्याले?"

"गाडी जाईल जी," पंजाब म्हणाला आणि त्यानं जमुनाकडे पाहिलं.

जमुनानं हातातला पाना खाली ठेवला. आत्ता नाही, तर मग कधीच नाही.

"बाबा, गाडी जाईल. मी येत नाही."

"काय म्हणतलं?"

"मले परीक्षा द्यायची हाय. ते लोक सोड म्हणतात. मी नाही सोडत. सकाळी मी गाडीच्या वायरी बदलून राहिली होती, जाणं होऊ नये म्हणून. माफ करा... पण मी येत नाही."

रामरावांचा चेहरा लालबुंद झाला. "माया गाडीच्या वायरी? माया गाडीच्या?" लेक लग्नाला नाही म्हणते, हे त्यांच्या कानात अजून शिरलंच नव्हतं. "अन् हे हात काळे कायनं?"

"प्लगही मीच बसवले. चारही."

रामराव गाडीत बसले. किल्ली फिरवली, स्टार्टर ओढला. गाडी एका फटक्यात सुरू झाली. ना खोकला, ना धक्का. रामराव मान तिरपी करून ऐकत राहिले. मिनिटभर, दोन मिनिटं. मग त्यांनी गाडी बंद केली, पण उतरले नाहीत.

"इतकी गोड तं घेतली तवाही चालत नव्हती," ते म्हणाले. "जमुने, परीक्षा द्यायची हाय हे मले सांगाले तुले गाडी बिघडवा लागते? एवढा वाईट बाप हाय का मी?"

जमुनाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. रामराव घराकडे तोंड करून ओरडले, "पार्बते! दशम्या इथंच खाऊ आपण! अन् ते पोस्टकार्ड आण त्यायचं. पत्ता पाहून नकार लिहून टाकतो."

पंजाबनं मान खाली घालून खिशातून ग्रीसनं बरबटलेला अर्धा तुकडा काढला. "पत्ता... इकडं हाय जी."

त्यानंतर दोन महिने कॉलेजच्या रस्त्यावर एक सायकल रोज दोनदा घंटी वाजवून पुढे जायची. थांबायची नाही. जमुना वर पाहायची नाही, पण ज्या दिवशी घंटी वाजली नाही, त्या दिवशी अभ्यासाचं एक पानही पुढे सरकलं नाही. शेवटचा पेपर झाला. संध्याकाळभर ती बाबांपाशी ओसरीवर बसली, बराच वेळ बोलली. दुसऱ्या दिवशी सकाळीच गॅरेजात निरोप गेला: गाडीसाठी पंजाबला पाठवा.

तो आला. धापा टाकत आला. बॉनेट उघडलं आणि हसू दाबत बोटानं वायरी मोजल्या. एक, दोन, तीन, चार. पुन्हा मोजल्या. कपाळाला आठी पडली.

"वायरी तं बराबर हायेत."

"हायेतच."

"गाडी चालू हाय?"

"एका फटक्यात होते."

"मंग मले काहून बोलावलं?"

जमुनानं दोन्ही हातांनी पदराचं टोक घट्ट धरलं. "तोंड हाय ना मले, म्हणून. तुमीच विचारलं होतं. तं ऐका... तुमी मले आवडता. पयल्या दिवसापासून. मले तुमच्याशी लग्न करायचं हाय. काल बाबाले सांगतलं, आज तुमाले सांगून राहिली."

पंजाबच्या हातातला पाना खाली पडला. तो उचलायला वाकला, तसाच सरळ झाला, पुन्हा वाकला. बोलेना.

"काय झालं?" जमुनाचा जीव टांगणीला लागला होता. "तुमाले तोंड नाही का?"

"हाय..." तो कसाबसा म्हणाला. डोळे भरून आले होते आणि हसूही आवरत नव्हतं. "पण आज चालू होऊन नाही राहिलं. जरा थांबा... हो! हो म्हणतो मी! त्या दिवशी मापाची पट्टी माया पिशवीतच होती, जमुना..."

ओसरीवरून रामरावांचा आवाज आला. तोच आवाज, पण आज त्यानं कोणाचं काळीज धडधडलं नाही.

"अहो पंजाबराव! हात धुवा अन् चहाले या. गाडीची काई घाई नाही."