असोद्याच्या केळीवर आकाशातली तोफ

"गोट्या, टाकीवरून उतर! मामा बघेल!"

"बघू दे! तो गच्चीवर येतोय कशाला? आकाशाला घाबरतो तो!" गोटू खिदळला.

चारू आणि गोटू ही धुळ्याची भावंडं सुटीत असोद्याला मामाकडे आली होती. आंबे चोखायचे, विहिरीत डुंबायचं, असा बेत होता. पण गावात भलतंच सुरू झालं होतं! रोज संध्याकाळी उत्तरेला एक ठिपका एकाएकी लखलखायचा, आठ-दहा सेकंद डोळे दिपवायचा आणि गडप व्हायचा. त्याच आठवड्यात रतिलालमामाच्या केळीची पानं करपली. झालं! शेजारच्या शालिग्रामभाऊंनी चष्मा कपाळावर सरकवून निकाल देऊन टाकला.

"मोठ्या देशायनं वर तोफा ठेवल्या हायेत, तोफा! त्यातून किरन सोडतात. पेपरात आलं व्हतं. आपल्या केयीवर चाचनी चालू हाये त्यायची!"

शेतातली वीज यायची संध्याकाळी सातला. दारं धरायला, म्हणजे सरीसरीतून पाणी फिरवायला, आता एकही गडी अंधारात बागेत शिरेना. पारोळ्याहून आलेल्या झुलालने तर हातच जोडले, "नही रे भाऊ! जीव गया ते काय करसूत?"

बाग तीन दिवस तहानलेली होती. मे महिन्याच्या त्या उन्हात आणखी चार दिवस पाणी चुकलं असतं, तर घडांसकट सगळी केळी माना टाकणार होती. लतामामी चुलीपुढे गुपचूप डोळे पुसत होती. ते पाहून चारूने एसटीडी बूथ गाठला आणि शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना धुळ्याला फोन लावला.

"अगं, एका परदेशी कंपनीने फोनसाठी साठ-सत्तर उपग्रह सोडलेत," सर हसत म्हणाले. "त्यांचे चकचकीत पत्रे आरशासारखे ऊन फेकतात. अवकाशातल्या शस्त्रांच्या गप्पा खूप होतात, पण हा कवडसाच असणार. तू वेळा लिहून ठेव. चमक घड्याळाबरहुकूम येते का ते बघ."

तेव्हापासून चारू, गोटू आणि सातवीतला शेजारी भिकन गच्चीवर ठाण मांडून होते. पहिल्या दिवशी सात पन्नास. दुसऱ्या दिवशी सात चव्वेचाळीस. आज सात अडतीस!

"रोज सहा मिनिटं आधी!" चारू ओरडली. "म्हणजे उद्या सात बत्तीसला!"

"पण मग पानं कोणी जाळली?" गोटूने विचारलं.

सकाळी तिघं बागेत शिरले. मधल्या केळी हिरव्यागार होत्या! पश्चिमेच्या दोन-तीन ओळीच तेवढ्या फाटल्या, करपल्या होत्या.

"तोफ वरून, जखम बाजूने? नेम चुकला वाटतं!" गोटू म्हणाला. तेवढ्यात भिकन बांधावरून किंचाळला, "अरे, इथी तं शेवरी व्हती! दाट भिंत व्हती नुसती!"

वारा अडवणाऱ्या शेवरीच्या झाडांचे बांधावर आता हातभर खुंट उरले होते, तेही ताजे. बांधापलीकडून भट्टीसारखा वारा थेट केळीवर येत होता. बांध होता शालिग्रामभाऊंचा! आणि त्यांच्या अंगणात मुलीच्या लग्नाचा मांडव उभा होता. त्यावर शेवरीचा पाला वाळत पडला होता!

चारूने घरी सगळं सांगितलं. मामा खेकसला, "उगी पोरखेय! आज शेतात गेले तं टांगडं मोडीन!"

लतामामी मात्र पदर खोचून उठली. "माही बाग मरी राहिली. मी जाते पोरांसंग. तुम्ही बांधावर उभे राहा आन् पाहा."

बातमी गावभर पसरली आणि सव्वासातला अर्धा गाव बांधावर जमला. मामी आणि तिन्ही मुलं बागेच्या मधोमध उभी राहिली. गोटूने चारूचा हात घट्ट धरला. चारूने दुसऱ्या हाताने मामीचा पदर पकडला.

"सात एकतीस..." भिकन घड्याळाकडे बघत म्हणाला. "आता!"

उत्तरेला प्रकाश लखलखला! बांधावर आरडाओरडा झाला. शालिग्रामभाऊ तर मटकन खालीच बसले! मामीने डोळे गच्च मिटले, पण जागा सोडली नाही.

एक... दोन... दहा. चमक विझली. पान हललं नाही की कुणाला चटका बसला नाही!

"बत्तीस म्हणजे बत्तीस!" गोटू नाचायला लागला. "तोफ नाही, आरसा आहे आरसा!"

जीवरामनाना, म्हणजे चारू-गोटूचे आजोबा, सावकाश खाली वाकले आणि खुंटावर हात फिरवत म्हणाले, "शालिग्राम, ही शेवरी कोनी तोडली?"

शालिग्रामभाऊंचा चष्मा नाकावर आला. "मांडवासाठी, नाना. मले वाटलं, फुटीन पुन्हा. वाऱ्याचं ध्यानातच नाही आलं. मी आपला वरतीच पाहत बसलो."

ते खरंच ओशाळले. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः मांडवाची कनात सोडून आणली आणि बांधावर बांबू रोवून ताणली. "लग्न चार दिवसावर हाये. शेवरी फुटेपर्यंत तिच्या जागी हे कापडं," ते म्हणाले. "लग्न झालं का मांडवाचे बाकीचे पडदेही इथीच!"

पण त्याआधी, चमक विझली त्याच संध्याकाळी, पंप सुरू झाला. झुलालने स्वतःहून फावडं उचललं आणि पहिलं दारं फोडलं. पाणी सरीत शिरलं, तापलेली माती चुरचुरली. लतामामी पाण्यात उभी राहून हसत होती आणि रडतही होती. मामाने गोटूला खांद्यावर घेतलं.

नानांनी चारूच्या डोक्यावर हात ठेवला. "आम्ही बठ्ठे जन वर पाहून भेलो, पोरी. तू वरबी पाहिलं आन् खालीबी. आज ही बाग तुमी वाचवली."

चारूने चपला काढल्या आणि ती मामीशेजारी पाण्यात जाऊन उभी राहिली.