शर्मिलाताईंच्या अक्षरातलं नाव

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, एरवी मी भुताखेतांच्या भानगडीत पडणारी बाई नाही. मी अर्शिया. बुधवार पेठेत माझा निऑन पाट्यांचा धंदा आहे. म्हणायचं निऑन, आत असते एलईडीची पट्टी. गिऱ्हाईक आपल्या हाताने कागदावर नाव लिहून देतं आणि मी त्या अक्षराच्या वळणाने नळी वाकवते.

त्या दुपारी कोथरूडला एक पाटी पोचवायची होती. दीड महिन्यापूर्वी शर्मिलाताई नावाच्या बाई दुकानात येऊन ‘जुई’ असं लिहून देऊन गेल्या होत्या. खाली पत्ता आणि तारीख. “भावाकडे बारसं आहे. तोवर कुणाला दाखवू नका, नाव ठेवायचा मान आत्याचा,” असं बजावलंही होतं.

दार त्यांच्या भावाने, पुष्करने उघडलं. आत पाळणा सजलेला, घुगऱ्यांचा वास सुटलेला, पण जमलेल्या बायका गप्प. मी शर्मिलाताईंना विचारलं.

“ताई महिन्यापूर्वी गेली,” तो हळू म्हणाला. “नाव मीच ठेवणार म्हणायची... शेवटपर्यंत सांगितलं नाही. आज बारसं आहे आणि पोरीला नाव नाही. दुसरं कुठलं ठेववत नाही हो.”

मी पाटीवर गुंडाळलेला कागद सोडला आणि ताईंनी लिहून दिलेली चिठ्ठीही पुढे केली. पुष्करने नळीच्या वळणावरून बोट फिरवलं. “हे तिचंच अक्षर...”

त्याची बायको तनया मात्र चिठ्ठीवरच्या तारखेकडे बघत होती. “अहो, बाळ दिवस भरायच्या वीस दिवस आधी झालं. बारसं आम्ही परवा ठरवलं. मुलगी होणार हे तरी कुणाला ठाऊक होतं? मग ताईंनी... आजची तारीख कशी लिहिली?”

पंखा तेवढा कुरकुरत होता. मी चिठ्ठी पुन्हा वाचली; तारीख आजचीच होती.

“तारखेचं नंतर बघा,” तनयाची आई इंदुबाई म्हणाल्या. “वेळेवर आलंय ना? पुण्यात तेवढंही कुणी करत नाही.”

सगळे हसले. मी पाटी पाळण्यावरच्या भिंतीला लावली, पडदे ओढले, बटण दाबलं. खोलीभर गुलाबी उजेड पसरला. पुष्कर रडत होता आणि हसतही होता. इतका आनंद मला माझ्या कामाने कधी दिला नव्हता.

“आता आत्या तुम्हीच व्हा,” तो म्हणाला. “नाव तुम्ही आणलंत.”

“अहो, पण मी तुमच्यातली नाही...”

“पाठ आहे ना तुम्हाला? झालं तर,” इंदुबाई म्हणाल्या. आत्या बाळाच्या कानात नाव सांगते तेव्हा बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात, ही पद्धत मला माहीत होती.

मी पाळण्यावर वाकले. “कुर्रर्र... जुई.”

मागून पाच-सहा जणी तुटून पडल्या. धपाधप आवाज, बांगड्यांची किणकिण, हशा. पाळण्यातली जुई माझ्या खांद्यापलीकडे टक लावून बघत होती.

“जोरात लागलं का हो?” तनयाने हसत विचारलं.

मी वाकलेलीच राहिले. माझ्या पाठीवर एकही धपाटा पडला नव्हता.