साखळी रविवारी आणून देतो

माझ्या गोष्टींतलं निम्मं खोटं असतं, असं आमच्या घरी बोललं जातं. बोलणारी माझी बायको, विभाच. असू दे. पण ही गोष्ट काढली की ती एक शब्द न बोलता पदर खोचून आत जाते, एवढं लक्षात ठेवा आणि मग ऐका.

चौऱ्याऐंशी सालचा जानेवारी. मी जयपूरला विम्याच्या कचेरीत होतो, राहायला जवाहर नगरात. पाच वर्षं झाली होती, आणि पुण्याला बदली मागणारा माझा अर्ज आमच्या साहेबांच्या, राजन किणीकरांच्या टेबलावर सहीची वाट बघत पडला होता. साहेब मुलीच्या लग्नासाठी कोल्हापूरला निघाले आणि जाताना आपला अल्सेशियन कुत्रा, ड्यूक, माझ्या हवाली करून गेले.

"याला मोकळ्यावर फिरवायचं, नंदकिशोर. आणि बोलायचं इंग्रजीत. सिट, कम, स्टे. दुसरं काही त्याला कळत नाही."

"जमेल की तुम्हाला," साहेबांची पाठ वळल्यावर विभा म्हणाली, "तुम्हालाही तेवढंच इंग्रजी येतं." मग हसू आवरून म्हणाली, "पण कुत्रा हरवलात तर पुणं हरवलं. ध्यानात ठेवा."

रविवारी दुपारी मी ड्यूकला स्कूटरवर घेतलं. तो पुढे माझ्या गुडघ्यांत उभा, पंजे हँडलवर. चौकातल्या पोलिसानं सलाम ठोकला तो मला नव्हता. सांगानेरच्या पुढं नदीकाठी स्कूटर लावली आणि चालू लागलो. चालायला इतकी सोपी वाट सबंध जयपुरात नसेल. एका हाताला नदीची पांढरी वाळू आणि मधून वाहणारी पाण्याची बारीक धार, दुसऱ्या हाताला मऊ गवताचं कुरण, पलीकडे मोहरीची पिवळी शेतं आणि पुढं बाभळीचं रान. मोर ओरडत होते. ऊन पाठीवर शालीसारखं. मी साखळी सोडली आणि ती खांद्यावर टाकून, खिशातले शेंगदाणे खात, पुण्यात गेल्यावर कोणत्या पेठेत घर घ्यायचं याचा विचार करू लागलो.

रानाच्या तोंडाशी आलो तेव्हा ऊन कलंडलं होतं, आणि ड्यूक दिसत नव्हता.

"ड्यूक, कम," म्हणालो. मग "ड्यूक, प्लीज कम" म्हणालो. रानात शिरलो. थंडीतला दिवस, बघता बघता उजेड गेला. मोर गप्प झाले. एक टिटवी तेवढी डोक्यावरून ओरडत गेली, आणि मग तिचाही आवाज थांबला. बाभळीचे काटे विजारीत अडकत होते. कुठून तरी ओल्या चिखलाचा वास यायला लागला, आणि त्यात मिसळलेला... घोड्यांच्या तबेल्याचा. आसपास एकही घोडा नव्हता. माझ्या डोळ्यांपुढे मात्र साहेबांचं पेन होतं, टोपण लावलेलं.

तेवढ्यात खालून, पाण्याच्या अंगानं हाक आली.

"ओ पावनं... कुत्रं तुमचं का?"

मराठी. तेही चांगलं सातारी. माझी भीती कुठल्या कुठं पळाली. खाली धारेच्या कडेला एक म्हातारा उकिडवा बसला होता, अंगावर जुना खाकी कोट. ड्यूक त्याच्या पायाशी.

"बस रं लेकरा," म्हातारा हलकेच म्हणाला, आणि उठू पाहणारा ड्यूक बसला.

"कुठले तुम्ही?" मी विचारलं.

"ज्ञानोबा. कोरेगावाकडचा. पल्टनीत घोड्यांकडं हुतो."

"इथं कसे राहिलात?"

"नदीला पानी आलं न्हवं का... घोडी सोडवाया उतरलो. पल्टन गेली पुढं." त्यानं ड्यूकच्या मानेवरून हात फिरवला. "भागुबाई वाट बघत आसंल घरी. कवाधरनं हाका मारतूय. हितं कुनाला कळंतच न्हाई."

महाराष्ट्राबाहेर पाच वर्षं काढलेल्या माणसाचं एक असतं. मराठी कानावर पडलं की तो मागचापुढचा विचार करत नाही, घरचा पत्ता सांगतो आणि पोहे खायला बोलावतो. जयपूरच्या बाजारातून मी अशी किती माणसं घरी आणली ते विभाला विचारा. आणि इथं तर माझं पुणं परत मिळालं होतं.

"येत्या रविवारी आमच्याकडं या," मी म्हणालो, "पोहे खायला."

तो उठून उभा राहिला. "बोलवताय? ...खरंच?"

"अहो, आपलंच घर समजा."

"मंग ती साकळी द्या माज्याकडं. ऐतवारी आनून देतो. मानसाच्या घरी रिकाम्या हातानं कसं यावं?"

मी साखळी दिली. घेताना त्याची बोटं लागली. हिवाळ्यातल्या पहाटे लोखंडाला हात लावावा तशी गार.

स्कूटरपाशी एक मेंढपाळ शेकोटी करून बसला होता. मी मोठ्या आनंदानं त्याला सांगितलं, आमच्या मुलखाचा माणूस भेटला.

"अच्छा, वो," तो काडीनं विस्तव सारत म्हणाला. "वो तो रोज शाम को आवाज देता है, साब. मेरे बाप को भी देता था. हमको उसकी बोली समझ में नहीं आती, तो हम जवाब नहीं देते." मग मान वर करून त्यानं हळूच विचारलं, "आपने... घर तो नहीं बुलाया?"

परतीला स्कूटर मी कशी चालवली ते ड्यूकलाच ठाऊक.

पुढच्या रविवारी विभानं पोहे केले. पाहुणा कोण ते मी सांगितलं नव्हतं. दार वाजलं नाही, कुणी आलं नाही. आलं नाही असं आपण म्हणू. ड्यूक तेवढा वेताच्या रिकाम्या खुर्चीसमोर बसून, मान वर करून, शेपटी हलवत होता.

साहेब परत आले. "ड्यूक, कम!" ड्यूक जांभई देऊन आडवा झाला. "सिट!" काही नाही. शेवटी मी घाबरत म्हणालो, "बस रं लेकरा." ड्यूक ताठ बसला.

साहेबांचा चेहरा लाल झाला. "याला ही भाषा कुणी शिकवली? आणि साखळी कुठं आहे याची?"

"साखळी... रविवारी येईल, साहेब."

माझ्या अर्जावर त्यांनी उभ्या उभ्या सही केली. मी कुत्र्यापासून जितका लांब जाईन तितकं बरं, असं त्यांचं म्हणणं पडलं.

पुण्यात सदाशिव पेठेत घर मिळालं. नवा पत्ता अजून कचेरीतही दिला नव्हता. पहिलाच रविवार, सकाळी दूधवाल्यानं बाहेरून हाक दिली, म्हणून दार उघडायला गेलो. रात्री मीच लावलेली आतली कडी तशीच होती. तिच्यावर ड्यूकची साखळी नीट गुंडाळून टांगलेली. ओली. खाली फरशीवर चिमूटभर पांढरी वाळू.

मागं जयपूरहून आणलेली वेताची खुर्ची करकरली.

"अहो," विभा स्वयंपाकघरातून म्हणाली, "पोहे किती जणांचे भिजवू?"

मी वळून बघितलं नाही.

"तिघांचे," म्हणालो.